विहिरीच्या पाण्यातली सरळ रेघ

आलेखावर सरळ रेघ आली तसा शामकांत सरांनी चहा मागवला. बहात्तरचा दुष्काळ, नगरात नळ कोरडे ठाक, पण सरांचा चहा चुकत नव्हता.

"बघा दमयंतीबाई! भांडी नीट घासली की विज्ञान सुतासारखं सरळ येतं. दोन वर्षं ओरडतोय मी."

दमयंतीबाई कॉलेजात रसायन शिकवायच्या आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायच्या. विषय भेंडीचा चिकट रस, गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी काढायला घालतात तो. त्या रसात लांबच लांब साखळ्या असतात आणि साखळीवर जागोजाग एकाच जातीचा विद्युतभार. शुद्ध पाण्यात हे भार एकमेकांना ढकलतात, साखळी ताठ पसरते. पाण्यात मीठ असलं की ते मध्ये पडतं, ढकलाढकली मिटते, साखळी अंग चोरून गोळा होते. म्हणून शुद्ध पाण्यात बाई रस जितका पातळ करत, तितका एकेका साखळीच्या वाट्याचा चिकटपणा वाढत जाई आणि आलेखाची रेघ वर उसळे. बाईंना सापडलं होतं ते एवढंच. सर त्याला घाण भांडं म्हणत. विभाग त्यांचा, मग भांडंही त्यांचंच खरं.

सोमवारी सरांची सही झाली की प्रबंध विद्यापीठात जाणार आणि हंगामी बाई कायम होणार होत्या.

बाईंना आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. रोज खोटं पाडलेल्या माणसाचं आतलं सगळं बधिर होतं, मुंग्यासुद्धा येत नाहीत. पण रेघ आपोआप सरळ होत नसते. त्यांनी डिस्टिल्ड पाण्याच्या बुधल्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी ताकासारखं पांढरं झालं. मीठ.

"सहादेव, बुधल्यात काय ओतलंस?"

सहादेव प्रयोगशाळेचा शिपाई, पाथर्डीकडचा.

"हिरीचं पानी, बाई. तुमचं मी घरी नेलं. पोरगीला जुलाब लागल्यात. डाक्टर म्हनला, खारं पाजू नका, सुद्द पाजा."

"अरे, ते औषध नाही. त्यात काहीच नसतं!"

"व्हय. काईच नसलेलं पानी नगरात दुसरं कुठं हाय, सांगा की."

बाईंनी परीक्षानळी मोरीत उपडी केली. सरांना खरं सांगावं तर सहादेवची नोकरी जाणार. गप्प बसावं तर घाणेरड्या पाण्यातलं खोटं त्यांच्या नावावर छापून येणार, आणि वर मान ताठ करून पगार घ्यायचा.

सोमवारी त्यांनी सरांपुढे कागद ठेवला. एकाच आलेखावर दोन रेघा. वर उसळणारी, खाली लिहिलेलं: शुद्ध पाणी. सरळ, खाली लिहिलेलं: विहिरीचं खारं पाणी.

"हे काय?"

"पाणी मीच बदललं होतं, सर. मिठाने साखळी गोळा होते, म्हणून रेघ सरळ आली. भांडी दोन्ही वेळेला स्वच्छच होती."

सरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "म्हणजे दोन वर्षं मी मूर्ख?"

बाईंनी कागद त्यांच्यापुढे आणखी सरकवला. तेच उत्तर होतं.

"सही होणार नाही. जूनपासून तुमच्या जागी दुसरं माणूस बघतो."

"बरं," बाई म्हणाल्या. जिन्यात थांबून त्यांनी रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही.

प्रयोगशाळेच्या दारात सहादेव उभा होता. "बाई, मी सायबास्नी सांगून टाकतो. माझ्यापायी तुमी..."

"गप. तुझं ऐकून ते माझ्या प्रबंधावर सही करणार आहेत का? दोघंही घरी बसू. पोरगी कशी आहे?"

"जुलाब थांबलं. आता नुसती भोकाड पसरती, सारी चाळ उठवती."

"बरं आहे."

बाईंनी बुधल्यातलं खारं पाणी फरशी पुसायच्या बादलीत ओतलं आणि बुधला घासायला घेतला.