कच्चं गाणं

गाणं संपलं तरी कुणी जागचं हललं नाही. रेकॉर्ड कंपनीचे मालक टॅगार्टसाहेब यांच्या टेबलावर जुन्या मोटारीतून काढलेला स्पीकर होता. डेट्रॉइटची माणसं गाणी गाडीतच ऐकणार, मग आपणही तशीच ऐकायची, हा त्यांचा दंडक. कुठली तबकडी बाजारात जाणार, ते दर शुक्रवारी सकाळी इथे हात वर करून ठरायचं. आज झाडून सगळे हात वर होते.

"पोरी, काळीज काढून ठेवलंस गं!" साहेब म्हणाले.

अठरा वर्षांची डेलोरा रडकुंडीला आली. "साहेब, हे मी नाही गायले."

कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या अर्लीनचा हात थांबला. गायिकेला शिकता यावं म्हणून नवं गाणं आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं. ते कच्चं गाणं नेहमी अर्लीनच गायची, टाइपरायटरवरून उठून. आज टेप लावणाऱ्यानं डबा चुकवून डेलोराऐवजी तिचीच टेप लावली होती.

"अर्लीन, तू? इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस?"

"पोटात कुठलं, साहेब? तुमच्याच माइकसमोर तर घसा फोडते. तुम्ही ऐकाल तर शपथ!"

सगळे हसले. अर्लीन हसली नाही. चर्चमध्ये गाण्यात अर्धा जन्म गेला होता; एका तरी तबकडीवर आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं. फार हवं होतं.

साहेबांनी मान खाली घातली. डेलोराला त्यांनी कसं चालावं, गाडीतून कसं उतरावं, हसताना हात कुठे ठेवावा, सगळं शिकवलं होतं. सोमवारी दौऱ्याची बस निघायची होती. "भिंतींवर चेहरा हिचा लागलाय, अर्लीन. तुझं बघू नंतर."

"मला नाही जमणार तसं," डेलोरा म्हणाली. "मिस अर्लीनच गाऊ देत."

अर्लीन नुसती गप्प बसली असती, तरी गाणं तिला मिळालं असतं. खोलीतले सगळे तिच्याकडेच बघत होते. ती पोरीच्या थरथरत्या हनुवटीकडे बघत राहिली. मग उठली.

"चल गं आत. रडतेस काय? शेवटच्या ओळीत तू मध्येच श्वास घेतेस, म्हणून गाणं तुटतं. जीव कासावीस झाला की माणूस श्वास घेत बसतं का?"

माइकसमोर डेलोरानं डोळे पुसले आणि ती गायली. शेवटची ओळ आली. अर्लीननं दाखवलेल्या वाटेनं पोरीचा आवाज वर गेला, आणि अर्लीनचा जिथे नेहमी थांबायचा तिथे थांबलाच नाही. अर्लीनच्या अंगावर सरसरून काटा आला. देवा, हे माझ्या गळ्यात कधीच नव्हतं, तिला वाटलं. ते खरं होतं आणि त्याचं दुःखही झालं.

उन्हाळ्यात एकदा ती कामावरून घरी निघाली होती. सिग्नलला थांबलेल्या गाडीतून तेच गाणं ऐकू आलं. बसथांब्यावरची एक म्हातारी टोपी सावरत म्हणाली, "अगं बाई! कोण म्हणायची ही पोर?"

"डेलोरा," अर्लीन म्हणाली. "ऐका, आता शेवटची ओळ ऐका."

ओळ सुरू झाली तशी अर्लीननं श्वास रोखून धरला. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर "चला, बाई" म्हणाला. ओळ संपेपर्यंत ती पायरीवर पाय ठेवून तशीच उभी राहिली.