तिसरा फोन

कृष्णकांतची फाइल समोर आली तेव्हा चारुताने आधी चहा मागवला. असली मेजवानी कोरड्या घशाने का झोडायची?

पनवेलच्या या ऑफिसात ती नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्यांची जुन्या नोकरीतली माहिती तपासायची. चार वर्षांपूर्वी ती स्वतःच अशी रुजू होणार होती. तेव्हा ती सोडत असलेल्या कळंबोलीच्या लोखंडाच्या कंपनीतून तिच्याबद्दलच्या चौकशीला दोन ओळींचं उत्तर जायला हवं होतं, आणि ते द्यायचं होतं तिथल्या एचआरच्या कृष्णकांतने. गृहस्थ महिनाभर ढिम्म. हातची नोकरी गेली आणि चारुता सात महिने हळदीकुंकवांतून ‘सध्या काय करतेस?’ ऐकत फिरली.

आता त्याचाच हात दगडाखाली सापडला होता. चौकशीला आपल्याशिवाय कोणी उत्तर द्यायचं नाही, असा फतवा त्यानेच काढलेला. कंपनी सोडतानाही पठ्ठ्या कोणाकडे काही न सोपवता निघाला. त्यामुळे त्याच्याबद्दलची चौकशी जाणार कुठे, तर त्याच्याच रिकाम्या टेबलावर. तीन फोन करायचे, कोणी उचलला नाही तर ‘पडताळणी झाली नाही’ असा शेरा मारायचा, ही ऑफिसची पद्धत. दोन फोन झाले होते. कंपनीच्या शेठचा मोबाइल नंबर चारुताला पाठ होता, त्यांना विचारायची मुभाही होती. तिने विचारलं नाही.

सोमवारी रुजू व्हायचं म्हणून शुक्रवारी तो स्वतःच धावत आला. खुर्चीत चारुताला पाहिलं आणि ‘अगं’वरून थेट ‘मॅडम’वर आला. हा शेरा पडला तर नवी नोकरी गेलीच, शेठना एक फोन करा, म्हणून अजिजी करू लागला. त्याने नुसतं चुकलं म्हटलं तर करायचा, असं चारुताने मनाशी ठरवलं.

“माझ्या वेळचा चौकशीचा मेल वाचला होतात?”

“पहिल्याच दिवशी वाचला होता,” तो म्हणाला. “पण सोडून जाणाऱ्यांची कसली घाई, असं वाटायचं तेव्हा. तुम्ही मनावर घेऊ नका.”

चारुताने फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या जुन्या टेबलाचा नंबर लावला. शेवटची रिंग थांबेपर्यंत दोघंही ऐकत बसले. मग तिने त्याच्यादेखत शेरा लिहिला. आपल्याला वाईट वाटेल अशी तिला धास्ती होती. वाईट कसलं, तिला झकास वाटलं.