बोटाने घेतलेली चव

आजारी पडणाऱ्या माणसांचा मला भारी राग यायचा. तेलीबागेत बावीस वर्षं काढली, लखनौची लू सोसली, चारबागला उभ्याउभ्या पानी के बताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, खाल्ले, पण मला साधी सर्दी माहीत नव्हती. आमचे हे, भाऊराव, रेल्वेतून रिटायर झालेले, दोनदा शिंकले की घराचा दवाखाना करतात. आणि सून पायल, तिला तर तीन वर्षांत दोनदा टायफॉइड.

पायल आपल्यातलीच, नागपूरकडच्यांची, पण जन्म लखनौचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा मी आमच्या बुद्धविहारात, भर महिला मंडळात तोंड सोडलं. म्हटलं, हिला हात धुवायची सवय नाही, सब्जी न धुता चिरते, मग दुसरं काय होणार? पायल तिथंच बसली होती. तिथं काही बोलली नाही, घरी आल्यावरही नाही. मला वाटलं, खरं बोललेलं लागलं असेल.

मग माझ्या मुलाला, सुगतला झाला. त्याला दहावीतही झाला होता, यांना बदलीच्या वर्षी. त्या दोन्ही वेळा मी बताशेवाल्याचा उद्धार केला होता. पण डॉक्टर अमृता म्हणजे आपल्या मराठी मंडळातली पोरगी, तिनं भलतंच विचारलं. घरात स्वयंपाक कोण करतं? मी ताठ बसून सांगितलं, चटणी-कोशिंबिरीपासून सगळं मीच, आणि चमच्याने नाही, बोट बुडवून चव घेते. चमच्याला काय कळतंय डोंबल?

तिनं चौघांच्याही हातात शौच तपासायच्या डब्या दिल्या. यांनी त्यांवर इतक्या सुवाच्य अक्षरात नावं लिहिली, जसे काही पुलाचे नकाशेच पाठवायचेत. रिपोर्ट आला. जंतू निघाला माझ्या डबीत. मी म्हटलं, डब्यांची अदलाबदल झाली, ही यांची असणार. पुन्हा तपासलं. पुन्हा मीच.

अमृताने विचारलं, कधी मुदतीचा ताप आला होता का? आला होता, सहावीत असताना, नागपूरला, एकवीस दिवस. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मी तो हिशेबात धरलाच नव्हता.

मग तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. अंगात म्हणे पोलीस असतात, जंतू दिसला की गिळून टाकतात. टायफॉइडचा जंतू पक्का बेरकी. तो खुशाल गिळू देतो. आत गेल्यावर मरायचं सोडून तिथंच पथारी पसरतो आणि त्याच पोलिसाच्या पोटात बसून अंगभर फिरतो. कुणाकुणाच्या पित्ताशयात शिरतो. पित्तानं भलेभले जंतू मरतात, या मेल्याला ते पचतं. तिथं खडे असले तर मजाच, खड्यावर चिकट थर चढवतो आणि त्याखाली पडून राहतो. पोलीस पोचत नाहीत, गोळ्याही पोचत नाहीत. आरडाओरडा नाही म्हणून ताप नाही. वर्षभर गप्प बसतो, मग कधीतरी शौचातून बाहेर पडतो आणि नीट न धुतलेल्या बोटावर बसून चटणीत उतरतो.

म्हणजे माझी ती ठणठणीत तब्येत! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिनाभर गोळ्या घेतल्या, जंतू ढिम्म हलला नाही. सोनोग्राफीत खडेही दिसले, शेवटी पित्ताशयच काढायचं ठरलं. हे म्हणाले, लोकांना खड्यांचं ऑपरेशन सांगू, ते काही खोटं नाही. मला ते फार आवडलं. पायल औषधांचा डबा लावत होती. तिनं ऐकलं आणि झाकण लावलं. सगळ्यांना खडेच सांगितले.

ऑपरेशन झालं, नंतरचे तीन रिपोर्ट साफ आले आणि अमृताने मला स्वयंपाकघरात जायची परवानगी दिली. बोट मात्र बंद. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर दर वर्षी माझीच असते. यंदा बोटं दुखेपर्यंत हात धुतले, नखं कापली आणि चव न घेताच पातेलं उतरवलं.

वंदना झाली, वाट्या वाटल्या गेल्या. मंडळाच्या अध्यक्ष रूपालीताई सगळ्यांदेखत पायलला म्हणाल्या, सासूकडून स्वच्छता शीक जरा, बघ, एवढं ऑपरेशन होऊनही कशी खडखडीत आहे. पायलने मान खाली घातली. मी गप्प बसले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं. माझं नाव राहिलं असतं आणि तिचं गेलं ते गेलंच असतं. गप्प बसावंसं वाटलंही, खोटं कशाला सांगू? पण आत काहीतरी लपवून वर ठणठणीत दिसणं मी पंचेचाळीस वर्षं केलं होतं. त्याची मला शिसारी आली.

"पायलचे हात स्वच्छच होते," मी म्हटलं. "टायफॉइड माझ्या हातून झाला. तिला दोनदा, सुगतला, यांनाही. जंतू माझ्या पित्ताशयात होता, म्हणून ते काढलं. आता रिपोर्ट साफ आहेत. पायल, मी तुला इथंच बोलले होते, म्हणून इथंच सांगते. माझं चुकलं."

सगळ्या वाट्या हळूच खाली टेकल्या. रूपालीताईंना आपली शुगर आठवली, एकीला उपोसथाचा उपास आठवला. हे छताकडे बघू लागले. माझ्या खिरीवर साय धरायला लागली आणि मला रडू आलं.

पायलने वाटी उचलली. एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, तोंडातल्या तोंडात घोळवला.

"मम्मी," ती म्हणाली, "मीठा कम है."

बावीस वर्षांत माझ्या खिरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी डोळे पुसले, चमचा घेतला, चव पाहिली. खरंच गोडी कमी होती. मी साखर आणायला उठले.