काठीने ढवळू नका

दादाच्या वांग्यांच्या शेतात त्या सकाळी सगळं गाव लोटलं होतं. मधोमध हिरवी शाल पांघरून पालाबाबा उभे. त्यांनी आपल्या घड्यातला अर्क पंपात भरून फवारला आणि पाच मिनिटांत मावा, अळ्या पटापट खाली पडल्या. मग त्याच घड्यातून पेला भरून बाबा घटाघटा प्यायले.

"विष असतं तर उभा राहिलो असतो का? सात रानांचा पाला आणि माझा श्वास, बस्स. फक्त काठीने ढवळू नका, गुण निघून जातो. घरच्या बाईने हाताने ढवळायचं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "दादा, शाळेच्या बागेत मी निंबोळीचा अर्क मारते. त्याने किडीचं आधी खाणं सुटतं, मग ती चार दिवसांनी मरते. पाच मिनिटांत कशी मरेल?"

"तुझा अर्क मास्तरणीचा, हा बाबांचा," दादा हसला. लोकही हसले. मी चिडून घरी आले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून खातं.

तिसऱ्या दिवशी वहिनीने दादाने बाबांकडून आणलेला पिंपभर अर्क कोपरापर्यंत हात घालून ढवळला. दुपारी तिला दवाखान्यात आणलं तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"कुठलं कीटकनाशक?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, झाडपाला आहे. बाबा स्वतः प्यायले," दादा म्हणाला.

"तुझ्या पिंपातलं प्यायले का?" मी विचारलं. डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले, "बाहुल्या कशा आकसल्यात बघा, कीटकनाशकाचंच विष आहे. हिचे हात साबणाने धुवा आधी."

मी पिंपातला पेलाभर अर्क घेऊन तडक बाबांच्या शेडवर गेले. दर्शनाला रांग होती.

"घ्या बाबा, तुमचाच आहे."

"अविश्वासी माणसाच्या हातचं आम्ही घेत नाही."

"मग माझ्या हातचं घ्या," रांगेतला एक टोमॅटोवाला शेतकरी पुढे झाला. त्याची बायकोही सकाळीच ढवळायला बसली होती. बाबा मागे सरकले, तसा त्याने त्यांचा घडा उपडा केला. आत मधोमध पत्र्याचा पडदा होता. एका बाजूला हिरवा रंग घातलेलं गुळाचं पाणी, दुसऱ्या बाजूला फवारणीच्या औषधाचा उग्र वास. शेडमागे कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, लेबलं खरवडलेल्या.

बाबांना पोलिसांनी नेलं. वहिनी दवाखान्यातच सहाव्या दिवशी गेली.

दादा आता निंबोळ्या कुटतो, रात्रभर भिजवतो, गाळतो. कीड चार दिवसांनी मरते, थोडी उरतेही. त्याची तक्रार नसते.

तुम्हीही पाल्याचा अर्क जरूर वापरा, पण पाल्याचा म्हणून डोळे मिटून नका वापरू. त्यात काय आहे ते विचारा, सांगणाऱ्याला तुमच्याच पिंपातलं प्यायला सांगा. हातमोजे घाला आणि ढवळायला काठी घ्या. गुण कुठेही जात नाही.