फणसाखालची पंगत

भीमसेन बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आपल्या घरात बसायचा कमी आणि येरझाऱ्याच जास्त घालायचा. साल त्रेसष्ट. यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची कायमची नोकरी, बायको वसुमती सुगरण, तरी गड्याला चैन म्हणून नाही. सकाळी भोंगा झाला की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरनं टॉनिक दिलं, शेजाऱ्यांनी मारुतीला प्रदक्षिणा सांगितल्या. दोन्ही करून झालं. याला सुख टोचतंय, असं लोक म्हणत. पण त्याचं दुखणं खरं होतं.

अशात निवृत्त मास्तर बिंदुमाधवराव भेटले. व्हाइटफील्डपलीकडं त्यांनी माळ घेतला होता. तिथं बारा कुटुंबांनी एका चुलीवर जेवायचं, घड्याळ ठेवायचं नाही. लोकांना पटवायला त्यांना एक मोठं चित्र हवं होतं, आणि भीमसेनचा हात चांगला.

भीमसेन चित्रामागं असा लागला की तहानभूक विसरला. फणसाच्या झाडाखाली त्यानं पंगत काढली. बाया, बाप्ये, पोरं, म्हातारी, सगळी एका ओळीत, हसऱ्या तोंडानं जेवताहेत. शेवटच्या पानावर त्यानं स्वतःला बसवलं, शेजारी वसुमतीला. रंग वाळायच्या आत राजीनामा लिहून खिशात घातला. सोमवारी द्यायचा, महिनाअखेर घर सोडायचं. बायको काय, सांगितलं की येईल, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

रविवारी दुपारी त्यानं तिला बोलावलं. पदराला हात पुसत ती बराच वेळ चित्र पाहत राहिली.

"छान आहे हो. मी पण बसलेय."

"तिथं सगळेच बसतात. उद्या राजीनामा देतो."

"सरी, बरं. पण वाढतंय कोण?"

"म्हणजे?"

"सगळेच बसलेत की. मग पानात भात आला कुठनं?"

चाळीस पानं मांडली होती, आणि एकही माणूस उभं नव्हतं. भीमसेननं घाईनं ब्रश उचलला. पाच मिनिटांत एक बाई उभी राहिली, कमरेला पातेलं, पदर खोचलेला. नाक वसुमतीचं, कानामागची बटही वसुमतीचीच.

"तिथंही मीच?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला भोंगा नको झाला, तर डॉक्टर झाले, मारुती झाला, आता हा माळ. मलाही सकाळी उठावंसं वाटत नाही हो. अकरा वर्षं झाली. मी कुणाला सांगू? तुम्ही जावा. चाळीस जणांना वाढायला मी येत नाही."

तिला काही होतंय का, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फडक्यानं त्यानं ती बाई पुसली आणि तिथं स्वतःला काढायला घेतलं. काही केल्या जमेना. पातेलं हातात घेऊन गडी आपला खांबासारखा ताठ.

"वाढणारा उभा कसा राहतो गं?"

"उभा नाही राहत. वाकतो."

जेवणाची वेळ टळून गेली होती. भीमसेन उठला, स्वयंपाकघरात आपल्याच पाटासमोर ताट मांडलं आणि म्हणाला, "स्वल्प, जरा बस."

लग्नानंतर पहिल्यांदाच वसुमती त्या पाटावर बसली. तो वाकला. निम्मा भात ताटाबाहेर सांडला, आणि खिशातला राजीनामा घसरून थेट ताटात पडला. तिनं तो उचलला, त्याला चिकटलेली शितं निपटून बाजूला ठेवला.

"आता सार वाढा," ती म्हणाली.