पट्टीवालीचा हात

दाराआडची साखळी खणकली. एकदाच, आणि तीही हळू; बसल्या जागी कुणी मान झटकावी तशी.

भर दुपार होती. मळणीचे दिवस, त्यामुळं गावातली धडधाकट माणसं शेतावर आणि घराघरांत नुसती शांतता भरून राहिलेली. सासूबाई धान्य निवडत होत्या, त्यांचा हात ताटातच थांबला. सहा वर्षांची पोर जमिनीवर खडूनं रेघोट्या ओढत होती, तिचा खडू थांबला. पट्टीवाली पातेल्यात कलेजीचे तुकडे उकडत होती, तिनं उगाचच जाळ पुढं सारला.

"वारा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"वाऱ्यानं साखळी वाजते?" पोरीनं विचारलं.

"वाऱ्यानं छपरं जातात बाई, साखळीचं काय घेऊन बसलीस."

पण दाराकडं तिघींपैकी एकीनंही पाहिलं नाही. साखळी ठिपक्याची होती, आणि ठिपक्या कुत्रा जाऊन वर्ष होत आलं होतं. ती खिळ्यावरून उतरवायचं तीनदा ठरलं होतं. तीनही वेळा सगळ्यांना दुसरं काम आठवलं.

पट्टीवाली हे काही तिचं नाव नव्हे. गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात ती मलमपट्टीला होती, म्हणून गावानं पाडलेलं ते नाव. अंगानं काडी, पण एकदा धरलं की धरलं. लाथाडी गाय असो की माजलेला बोकड, "पट्टीवालीला बोलवा, तिच्या हातातून वळूही सुटत नाही," असं लोक कौतुकानं म्हणायचे. म्हातारे डॉक्टर तर म्हणायचे, मला भुलीचं औषध कशाला, ही आहे ना. पूर्वी हे ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता कुणी म्हणालं की ती हात पाठीमागं घेई.

"कुत्रीला कलेजी," सासूबाईंनी मोडलेला धागा पुन्हा जोडला. "घरातली माणसं कोरडं गिळतात आणि हिच्या कुत्रीला मेजवानी."

"डॉक्टरबाईंनी दिलीय, सासूबाई. घरातली नाही."

"कुणीही देऊ दे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. आणि तुझ्या त्या बाईंना सांग, कुत्रीला विचारून औषध देता, तर मलाही विचारत जा. मला त्या कडू गोळ्या नकोत."

"तुम्हाला विचारलं तर तुमचं उत्तर संपेस्तोवर दवाखाना बंद व्हायचा."

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी ताटावर फुंकर मारण्यात घालवलं.

गोष्ट अशी होती. दरवर्षी मळणीच्या दिवसांत मेंढ्यांचा कळप घेऊन एक मेंढपाळ गावात उतरायचा. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, म्हणून गाव त्याला 'बोलका' म्हणे. त्याच्याबरोबर एक म्हातारी कुत्री, डाव्या डोळ्यावर तपकिरी ठिपका असलेली. यंदा कापलेल्या रानातलं कुसळ तिच्या कानात शिरलं. कुसळाची जात मोठी वाईट. पुढं जातं, मागं येत नाही. कान सुजला, पू धरला, कुत्री मान वाकडी करून चालू लागली. बोलक्यानं कान बघायला हात घातला तर त्यालाच चार टाके पडले.

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरबाई वयानं पट्टीवालीएवढ्याच. त्यांनी कुत्रीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"हृदय थकलंय हिचं," त्या म्हणाल्या. "भूल दिली तर कुसळ निघेल, पण ही उठेल का, सांगता येत नाही."

"मग धरू," बोलका म्हणाला. "पट्टीवाली आहे की."

"धरायचं नाही. धरलं, घाबरली, तर तेही तितकंच वाईट. तिनं आपणहून मान द्यायला पाहिजे."

"कुत्री मान देते?"

"शिकवली तर देते. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांनी कळप डोंगरापलीकडं निघतो. अशी वाकड्या मानेनं ही चालायची नाही. मागं ठेवली तर उपाशी मरेल." बोलक्यानं कुत्रीकडं पाहिलं. "नाही जमलं तर निघायच्या आधी तुम्हीच तिला शेवटची सुई द्या." एका दमात इतकं बोलून तो थकला आणि पायरीवर जाऊन बसला.

शिकवणं साधं दिसे. पट्टीवालीनं जमिनीवर बसायचं, गुडघ्यावर पालथा नाही, उताणा तळवा ठेवायचा. कुत्रीनं त्यावर हनुवटी टेकली की तोंडानं "हं" म्हणायचं आणि लगेच कलेजीचा तुकडा द्यायचा. दुखण्यावरची गोळीही त्याच तुकड्यात. हनुवटी टेकलेली आहे तोवर दुसऱ्या हातानं खांद्याला शिवायचं, मग मानेला, मग कानाच्या मुळाशी. आणि कुत्रीनं मान उचलली की तिथंच थांबायचं. रागवायचं नाही, ओढायचं नाही. हात काढून घ्यायचा आणि वाट बघायची.

"वाट किती बघायची?" पहिल्या दिवशी पट्टीवालीनं विचारलं.

"तिला वाटेल तितकी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पट्टीवालीला धरायचं कसं ते येत होतं. न धरता बसायचं कसं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं घरी पोरीवर सराव केला. पोर तळव्यावर हनुवटी टेकायची, आई तिच्या कानाला बोट लावायची, पोर मुद्दाम मान उचलायची, आईनं थांबायचं. "हं" आणि एक शेंगदाणा. पोरीला खेळ इतका आवडला की सासूबाई म्हणाल्या, आता वेणी घालायलाही हिला शेंगदाणे लागणार.

पण दवाखान्यातल्या त्या फरशीवर कुत्री समोर आली की पट्टीवालीची नजर आधी तिच्या डोळ्याकडं जाई. तोच ठिपका. तेच बघणं, खालून वर. ठिपक्या हा ह्याच कुत्रीच्या पोटचा होता. दोन वर्षांपूर्वी बोलक्यानं ते पिल्लू पोरीच्या ओंजळीत ठेवलं होतं, एकही शब्द न बोलता. आणि गेल्या मळणीत ठिपक्याच्या पंजात असंच कुसळ गेलं होतं. दुपार तापलेली होती. म्हातारे डॉक्टर म्हणाले, तोंड बांध आणि दाब. तिनं चिंधीनं तोंड आवळलं, त्याला टेबलावर आडवा केला आणि सगळा भार टाकून दाबला. तो धडपडला. "सोडू नको, दाब," डॉक्टर म्हणाले. तिनं दाबला. मग तो शांत झाला, आणि ती म्हणालीसुद्धा, "बघा, आला ताळ्यावर." डॉक्टरांनी कुसळ काढून चिमट्यात धरून दाखवलं. तेव्हा तिनं हात सैल केले. हातांखाली काही हललं नाही.

घरी तिनं सांगितलं, ताप डोक्यात गेला, झोपेतच गेला. पोर दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याला खरं सांगायचं ठरवलं, पण तो मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरणारा. घरी आला की आधी झोपायचा आणि उठला की निघायचा. सांगायचं राहूनच गेलं. आणि राहिलेली गोष्ट शिळी होत नाही, आंबत जाते.

म्हातारी कुत्री दवाखान्यात शिरली की आधी टेबलाखालचा कोपरा हुंगायची. खूप वेळ, डोळे मिटून. फरशी वर्षभरात किती वेळा धुतली असेल. पट्टीवाली म्हणायची, औषधाचा वास येत असेल. मनात म्हणायची, हिला ह्या वासावरून पोटचं ओळखता येत असेल का?

सातव्या दिवशी पोर हट्टानं बरोबर आली आणि पायरीवर बोलक्याजवळ बसली. कुत्री कोपरा हुंगत होती.

"काय शोधते ती?" पोरीनं विचारलं.

बोलका क्वचित बोले, म्हणून कुठं गप्प राहायचं ते त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. "पोर तिचं," तो म्हणाला. "तुमचा ठिपक्या. ह्याच टेबलावर गेला ना तो, म्हातारे डॉक्टर म्हणाले होते."

पोरीनं टेबलाकडं पाहिलं. मग आईकडं.

त्या दिवशी पट्टीवालीचा हात बिघडला. कुत्रीनं हनुवटी टेकली, डॉक्टरबाईंनी कानात औषधाचे थेंब सोडले, कुत्री दचकली. आणि पट्टीवालीची बोटं आपोआप मिटली. कुत्रीचा जबडा गच्च धरला गेला. डोक्यानं ठरवायच्या आधी हातानं ठरवलं. क्षणभराचंच काम. कुत्री चावली नाही, गुरगुरली नाही; नुसती ताठ झाली आणि खालून वर बघत राहिली. पट्टीवालीनं हात असा सोडला जणू निखारा धरला होता.

"जाऊ दे, होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"होत नाही, मी करते," पट्टीवाली म्हणाली.

पुढचे तीन दिवस कुत्री दारातच बसली, आत येईना. गाव गंमत बघायला येऊन गेलं. सुतार म्हणाला, "काय पट्टीवाली, वळू धरणारी तू, आणि म्हातारी कुत्री धरवेना?" ती म्हणाली, "धरवते रे. तेच तर अवघड झालंय." सुताराला ते काही कळलं नाही, पण तो हसला.

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. दारात जाऊन बसली, उन्हात, कुत्रीकडं पाठ करून, तळवा मागं उताणा ठेवून. भुसा उडून केसांत बसत होता. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तळव्याला ओला श्वास लागला आणि गेला. तिसऱ्या दिवशी हनुवटी टेकली. जड, गरम, अगदी खरी. तिनं "हं" म्हटलं आणि तुकडा पुढं केला.

चौदाव्या दिवशी सकाळी बोलक्यानं कळप ओढ्याकाठी गोळा केला आणि दवाखान्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. कपाटात दोन गोष्टी तयार होत्या: लांब बारीक चिमटा आणि एक भरलेली सुई. पोर पायरीवर होती.

कुत्रीनं आधी कोपरा हुंगला. मग पट्टीवालीसमोर आली आणि हनुवटी टेकली.

डॉक्टरबाईंनी उजेड कानात सोडला. "दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. चिमटा आत गेला. कुत्रीनं मान उचलली. चिमटा बाहेर. सगळे थांबले. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. पट्टीवालीचा तळवा जागच्या जागी उताणा होता, बोटं सताड उघडी, आणि ती उघडी ठेवायला तिला वळू धरण्याहून जास्त बळ लागत होतं. हनुवटी परत आली. "हं." तुकडा. चिमटा आत. कुत्रीनं पुन्हा मान उचलली. पुन्हा सगळे थांबले. ह्या वेळी वाट लांबली. बोलक्यानं एकदा कपाटाकडं पाहिलं आणि नजर जमिनीकडं वळवली.

मग त्या म्हातारीनं एक सुस्कारा टाकला आणि सगळी मान, वाकडी, दुखरी, पट्टीवालीच्या हातात सोडून दिली.

चिमटा गेला आणि आला. टोकाला पुवानं माखलेलं, बोटाच्या पेराएवढं कुसळ.

"निघालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. बोलक्यानं कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला, मग तोच हात क्षणभर पट्टीवालीच्या डोक्यावर ठेवला आणि बाहेर गेला. डॉक्टरबाईंनी ती सुई उचलून आत नेली.

पट्टीवाली तशीच बसून राहिली. कुत्री उरलेली कलेजी खात होती, मान अजून थोडी कलतीच. पोर पायरीवरून उठून आत आली, आईशेजारी फरशीवर बसली आणि तिचा तो ओला तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघू लागली.

"आई," ती म्हणाली, "हिनं मान उचलली की तू थांबतेस ना?"

"हो बाळा."

"मग ठिपक्यानं मान उचलली, तेव्हा तू कुठं होतीस?"