मेलेला माड आणि सुरक्षा सप्ताह

गुरुदत्त बेहेरेची पुण्याहून कोलकात्याला बदली झाली तेव्हा त्याची अशी समजूत होती की आपल्यासारख्या स्थापत्य अभियंत्याला तिथे नदीकाठच्या धक्क्यांची कामं मिळतील. मिळाली ती कंपनीच्या अधिकारी वसाहतीची देखभाल. वसाहत गार्डन रीचच्या अंगाला. गळके नळ, अडकलेल्या लिफ्ट, डास आणि नेमके रविवारी जेवणाच्या वेळेला येणारे फोन. दीड वर्षात तो या सगळ्याला सरावला. मैदानाच्या कडेचा एक माड मात्र त्याच्या डोक्यातून जाईना.

माड मेलेला होता. पावसाळ्यात भुंग्याने त्याचा कोंब पोखरला, झावळ्या एकेक करून गळाल्या, आणि आता पंचेचाळीस फुटांचा नुसता बुंधा मैदानाकडे जरासा कलून उभा होता. गुरुदत्तचं आजोळ गुहागरचं. माडाला शेंडा एकच, तो गेला की माड गेला, हे त्याला मामाच्या वाडीत लहानपणीच कळलं होतं. आणि मेलेला माड कधी नि कुठल्या अंगाला पडेल हे त्या माडालाही ठाऊक नसतं, असं मामा म्हणायचा. मैदानावर रोज संध्याकाळी माणसं फिरायची. मार्चपासून कालबैशाखीची वादळं सुरू होणार होती. म्हणून ऑक्टोबरात गुरुदत्तने एका वाक्याची टिपणी लिहिली : ‘माड धोकादायक झाला असून तो काढावा.’

टिपणी महाव्यवस्थापक शंतनु बागची यांच्यापुढे गेली, आणि तिथेच घात झाला. कारण बागचीसाहेबांचं सुरक्षेवर मनापासून प्रेम होतं. वसाहतीच्या फाटकावर त्यांनी ‘अपघाताविना दिवस’ असा फलक लावून घेतला होता आणि त्यावरचा आकडा रोज सकाळी स्वतः तपासल्याशिवाय ते चहा घेत नसत.

“बेहेरे,” ते म्हणाले, “झाड काय, कोणीही तोडेल. आपण ते *सुरक्षितपणे* तोडू. समिती नेमा.”

समिती नेमली. तिचं नाव ‘नारळवर्गीय वृक्ष सुरक्षित निष्कासन उपसमिती’. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिच्या पाच बैठका झाल्या. पहिली नाव ठरवण्यात गेली. दुसरीत, नारळ हा वृक्ष आहे की गवत, यावर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या एका सदस्याने पाऊण तास घेतला. तिसरीत सुरक्षा अधिकारी अलका सान्याल यांनी चौसष्ट चित्रफलकांचं सादरीकरण केलं. ते संपून दिवे लागताच एक सदस्य प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकून पडले आणि त्यांचं मनगट सुजलं. ही घटना बैठक संपल्यानंतर घडली असल्यामुळे ती अपघातात मोडत नाही, असा निर्णय चौथ्या बैठकीत झाला. पाचव्या बैठकीत बागचीसाहेब स्वतः आले आणि म्हणाले, “मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आहे. दिल्लीहून संचालक येतायत. माड त्यांच्यासमोर तोडायचा. हेल्मेट, पट्टा, शिट्टी, सगळं. जाहीर प्रात्यक्षिक!”

गुरुदत्तने हात वर केला. “सर, त्या झाडावर माणूस चढवणं—”

“पट्टा बांधूनच चढेल ना?”

“पट्टा बांधणार कशाला, सर? झाडालाच. आणि झाडच पडलं तर?”

बागचीसाहेबांनी क्षणभर विचार केला. “मग दोन पट्टे बांधा,” ते म्हणाले, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली.

माडावर चढणारा माणूस गुरुदत्तने दक्षिणेकडच्या एका गावातून शोधून आणला. त्याचं नाव निताई. साठीला टेकलेला, काटक, पायाच्या तळव्यांना घट्टे पडलेले. गेली चाळीस वर्षं तो नारळ उतरवत आला होता आणि थंडीत खजुरीच्या झाडांचा रस काढत होता. त्याने माडाला एक फेरी मारली, कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर ठोकलं, कान लावला, मग कंबरभर उंचीवर पुन्हा ठोकलं. गुरुदत्तलाही आवाज ऐकू आला. डबा वाजावा तसा.

“बाबू,” निताई आपल्या बंगाली-हिंदीत म्हणाला, “जिवंत झाड माणसाला धरतं. हे आता स्वतःलाच धरून उभं आहे. मी नाही चढणार.”

“आणि कुणी जास्त पैसे दिले तर?”

“तर दुसरा कुणी चढेल आणि पैसे त्याची बायको घेईल.”

गुरुदत्तला हे मामाच्याच तोंडचं वाटलं. काय करता येईल, असं त्याने विचारलं. निताईने रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे वसाहतीचे दिवे बदलणारी टोपलीवाली गाडी उभी होती. टोपलीत माणूस उभा करायचा, पट्टा टोपलीला बांधायचा, झाडाला नाही. वरून हातहातभर तुकडे कापत खाली यायचं. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत माणूस काय, मांजरसुद्धा फिरकू द्यायचं नाही. वारा सुटला की काम बंद. “तीन तासांचं काम,” निताई म्हणाला. “पण त्यात बघण्यासारखं काही नाही.”

नेमकी तीच अडचण होती. बघण्यासारखं काही नाही म्हटल्यावर बागचीसाहेबांनी टोपलीवाली गाडी नामंजूर केली. “बेहेरे, संचालकांनी काय दिवे बदलताना बघायचं?”

सप्ताहाच्या तीन दिवस आधी मांडववाले आले. गुरुदत्त संध्याकाळी मैदानावर गेला तेव्हा पाहुण्यांच्या स्टेजचे बांबू रोवून झाले होते. त्याने बुंध्यापासून स्टेजपर्यंत पावलं मोजली. अकरा. माड कलला होता तो बरोबर त्या दिशेला. त्याने मांडववाल्याला थांबवलं, तर त्याने साहेबांच्या सहीचा नकाशा दाखवला. दुसऱ्या बाजूला बसलं तर संचालकांच्या डोळ्यांवर ऊन येतं, असं त्यावर लिहिलं होतं.

त्या रात्री गुरुदत्तला जेवण गेलं नाही. देवयानीने, त्याच्या बायकोने, विचारलं, “अरे, पण तू लिहून दिलंयस ना? तुझी जबाबदारी संपली.”

“लिहून दिलेला कागद माडाखाली धरता येत नाही गं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अलका सान्यालांच्या खोलीत गेला. ही बाई चौसष्ट फलक दाखवणारी; ती आपल्याला नियम सांगेल अशी त्याची तयारी होती. त्यांनी दार लावून घेतलं.

“बेहेरेबाबू, माझ्या घराची खिडकी त्या झाडासमोर आहे,” त्या म्हणाल्या. “गेले चार महिने मी मुलीला आतल्या खोलीत झोपवते.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

“माझा त्रेसष्टावा फलक तोच होता. मेलेल्या नारळावर चढू नये. तोवर सगळे झोपले होते.” त्यांनी कामाच्या परवान्याचा कोरा नमुना पुढे ओढला. “मला झाड तोडायचा परवाना देता येत नाही, तो समितीचा विषय. पण रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीचा परवाना मीच देते. दिव्यावर कशाची सावली पडत असेल तर तो अडथळा दूर करणं त्यात येतं.”

“तो सावली पाडतो कुठे? त्याला एक पान नाही.”

“बुंध्याची पडते,” अलकाबाई म्हणाल्या आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काम सुरू झालं. अलकाबाईंनी स्वतः मैदानाभोवती पट्ट्या बांधल्या, फिरायला आलेल्या तीन निवृत्त अधिकाऱ्यांना परत पाठवलं, आणि जवळच्या तारांचा प्रवाह बंद करून घेतला. मांडववाल्यांनाही बाहेर काढलं. टोपली वर गेली. निताईच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कमरेचा पट्टा टोपलीला अडकवलेला, हातात यांत्रिक करवत. पहिला तुकडा धप्पकन पट्ट्यांच्या आत पडला. मग दुसरा. गुरुदत्त खाली उभा राहून प्रत्येक तुकड्याबरोबर श्वास घेत होता. निम्म्यावर आल्यावर निताईने करवत थांबवून खाली ओरडून सांगितलं, “बाबू, आत काही नाहीच!” खरंच नव्हतं. बुंध्याची नुसती साल उभी होती आणि आत ओला भुसा. साडेनऊला जमिनीपासून हातभर खुंट उरला.

दहा वाजता बागचीसाहेब आले. त्यांनी आधी फलकावरचा आकडा बघितला, मग आभाळ बघितलं, आणि आभाळात काहीतरी कमी आहे हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

“बेहेरे! माड कुठाय?”

“काढला, सर. कोणाला काही लागलं नाही.”

“लागलं नाही ते ठीक. पण उद्या संचालक काय बघणार?” साहेबांचा आवाज चिरकला. “छापलेल्या पत्रिकेत माड आहे!”

पत्रिकेत आहे म्हणजे मैदानातही असायला हवा. साहेबांनी मांडववाल्यालाच बोलावलं. दरवर्षी दुर्गापूजेला बांबू-कापडातून राजवाडे उभे करणारी ती माणसं. त्यांना एका माडाचं काय? संध्याकाळपर्यंत त्यांनी लोखंडी खांबाभोवती तागाचं कापड गुंडाळून, प्लॅस्टिकच्या झावळ्या लावून, थर्माकोलचे करवंटीएवढे नारळ टांगून, बारा फुटांचा असा देखणा माड उभा केला की दोन कावळे त्यावर येऊन बसले. मूळ माडाला त्याच्या ऐन उमेदीतही इतकं रूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संचालक आले. त्यांना हेल्मेट घातलं गेलं. स्टेजवरच्या सगळ्यांनाच घातलं गेलं. निताई आधी नकार देत होता, मग त्याने खांब ठोकून बघितला आणि म्हणाला, “हा मजबूत आहे.” दोन पट्टे बांधून, शिट्टीच्या तालावर, तो बारा फूट चढला आणि प्लॅस्टिकची एक झावळी कापून खाली उतरला. टाळ्या कडाडल्या. संचालकांनी बुंध्यावर हात ठेवून विचारलं, “किती वर्षांचं असेल?”

“बरंच जुनं, सर,” बागचीसाहेब म्हणाले.

“मग तोडू नका. अशी झाडं जपली पाहिजेत.” हे त्यांनी शेरेपुस्तकातही लिहिलं. निताईला शाल आणि सन्मानचिन्ह मिळालं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या सदस्याने त्याची ओळख करून देताना उपसमितीच्या पाच बैठकांचा गौरवाने उल्लेख केला. खुंटावर सतरंजी टाकून फुलदाणी ठेवली होती.

सोमवारी गुरुदत्तच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. उपसमितीचा अहवाल प्रलंबित असताना माड काढून समितीचा विषयच नष्ट केल्याबद्दल. सात दिवसांत खुलासा मागितला होता. गुरुदत्तने लिहायला कागद घेतला, बाजूला ठेवला, आणि निताईने काढून ठेवलेला बुंध्याचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून थेट बागचीसाहेबांच्या खोलीत गेला.

“हा खुलासा, सर.”

साहेबांनी तुकड्याला बोट लावलं. बोट आत गेलं. भुसा त्यांच्या काचेच्या टेबलावर सांडला आणि त्यातून एक पांढरी अळी वळवळत बाहेर आली.

“स्टेजवर मधल्या खुर्चीत तुम्ही बसणार होतात,” गुरुदत्त म्हणाला. “अकरा पावलं.”

 साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला, पण आला तेव्हा प्यायले नाहीत. अखेर त्यांनी नोटिशीवर ‘खुलासा प्रत्यक्ष पाहिला’ असं लिहून सही केली. गुरुदत्त दारापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी हाक मारली.

“बेहेरे, माझ्या बंगल्यामागे एक नारळ आहे. शोबार घराला लागूनच.” झोपायच्या खोलीला त्यांच्या तोंडी गडबडीत मातृभाषेतलाच शब्द आला. “तुमचा तो माणूस येईल का? आणि हे पाहा, समितीपुढे आणायची गरज नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निताई आला. त्याने फेरी मारली, ठोकलं, कान लावला. साहेब लुंगीवर, हात मागे बांधून व्हरांड्यात उभे होते.

“एकदम ठणठणीत,” निताई म्हणाला. “तुमच्या नातवापर्यंत टिकेल. वाळलेल्या झावळ्या आणि पिकलेले नारळ तेवढे उतरवतो.”

“हिरव्या झावळ्याही छाटून टाक ना. वजन कमी होईल.”

“हिरवीला हात लावायचा नाही, बाबू. त्यावरच ते जगतं.”

“पण नक्की ना? पडणार नाही ना?”

“नाही.”

“पुन्हा एकदा ठोकून बघतोस?”

निताईने गुरुदत्तकडे बघितलं, कोयता उलटा धरला आणि पुन्हा ठोकून दाखवलं. मग तो व्हरांड्याकडे वळून म्हणाला, “आता बाजूला व्हा. नारळ पडायचे आहेत.”

बागचीसाहेब एकही प्रश्न न विचारता दहा पावलं मागे सरले, मग आणखी दहा.